सुन्या, इंजिन खोलायला देऊ नकोस

परळ, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

काल फोनवर तू सिग्नलला उभा होतास, मागे सगळे हॉर्न मारत होते, त्यामुळे अर्धं बोलणं झालंच नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच. पहिली गोष्ट म्हणजे तो गॅरेजवाला बोर करायला पाहिजे, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करायला पाहिजे म्हणतोय ना, त्याला अजिबात हो म्हणू नकोस. काकांच्या बुलेटचा सिलिंडर जुना लोखंडी आहे, ते इंजिन कंपनीने २०१० च्या आसपास बंदच केलं, आणि दर वेळी बोर केला की आतलं लोखंड थोडं थोडं जातं, ते परत येत नाही. खरंच घासला असेल तर करावाच लागेल, पण आधी ते सिद्ध तर होऊ दे.

आता तू सांगितलेलं नीट बघ. सकाळी सहाला बोरिवलीहून निघतोस, हायवे मोकळा, गाडी दादरपर्यंत मख्खन येते. संध्याकाळी परतताना फर्स्ट-सेकंडमध्ये रखडत जोगेश्वरीपर्यंत पोचलास की मिसिंग सुरू, पिकअप जातो, बंद पडते, किक मारून मारून घाम निघतो पण ढिम्म, आणि अर्ध्या तासाने काहीच न करता दुसऱ्या किकला चालू. बोर गेलेलं इंजिन असं वागत नाही रे. त्याचं रडगाणं थंड असतानाच सुरू होतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, ऑईल कमी होत जातं. तू तर म्हणालास धूर नाही आणि ऑईलची लेव्हल पण जागेवर आहे. तरी खात्री करायची तर सकाळी इग्निशन बंद ठेवून, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब सोडायचा, लिव्हर न दाबता किकवर हळू हळू वजन टाक. किक मध्येच अडून तुझं वजन थोडा वेळ पेलत असेल तर रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. लगेच भुसकन खाली गेली तर मात्र कंप्रेशन गळतंय. तेव्हाही लगेच बोर नको, आधी टॅपेट बघ, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, पुशरॉडची, जुळणी. या इंजिनला थंड असताना टॅपेटमध्ये गॅप जवळपास शून्यच ठेवायची असते, पिस्टन कंप्रेशनला वर आणून पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली खडखडता कामा नये. कोणी जास्त टाईट केले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गरम झाल्यावर ताकद जाते. हे पण एक कारण असू शकतं, पण माझा संशय दुसरीकडे आहे.

पुढच्या वेळी बंद पडली की किक मारत बसू नकोस, गाडी कडेला घे आणि सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघड. उघडताना सूंऽ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, विषय संपला, साफ कर. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते, नाहीतर पेट्रोल उतरायचंच थांबतं. पण मला ते वाटत नाही, कारण तसं असतं तर सकाळी हायवेला स्पीडमध्ये, जिथे पेट्रोल जास्त लागतं, तिथे आधी त्रास दिला असता.

झाकण ठीक असेल तर प्लग काढ. सांभाळून, गरम असतो, आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे, परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरव, पाना नंतर. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये, मग टाकीचा कॉक, पाईप आणि कार्ब्युरेटरमधले फ्लोट, जेट बघायचे. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये, म्हणजे करंटची भानगड. मग प्लग कॅपमध्ये घाल, त्याचं अंग हेडला टेकव, प्लगच्या भोकापासून लांब बरं का, तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि किक मार. जाड निळी ठिणगी टक टक करत पडली पाहिजे. पिवळट बारीक पडली, किंवा पडलीच नाही, तर माझं बरोबर.

माझा संशय कंडेन्सरवर आहे. पॉइंट म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, ते उघडतात तेव्हा ठिणगी बनवणाऱ्या कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या क्षणी पॉइंटच्या फटीतून उडी मारायला बघतो, कंडेन्सर तो धक्का आत घेतो म्हणून करंट एकदम तुटतो आणि प्लगला जोरात ठिणगी मिळते. कंडेन्सर कमजोर झाला की तीच ठिणगी पॉइंटवर उडते, पॉइंट जळतात आणि प्लगला काही उरत नाही. आणि हा कंडेन्सर बसलेला असतो इंजिनला चिकटून, पॉइंटच्या डबीत. ट्रॅफिकमध्ये हवा लागत नाही, सिलिंडर तापतो, डबी तापते, कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन गळायला लागतं, आणि गार झालं की परत शहाण्यासारखं काम करतं. कॉइल पण गरम झाल्यावर असंच करते, पण कंडेन्सर स्वस्त आहे म्हणून आधी तो.

हे डोळ्याने बघता येतं. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावरच्या एकाची बुलेट असंच करत होती, कार्ब्युरेटर दोनदा खोलून झाला होता, प्लग नवा, कॉइल नवी, तरी तेच. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी चांगली तापवली, पॉइंटचं झाकण काढलं आणि चालू ठेवून वाकून बघितलं तर पॉइंटमध्ये नुसती निळी आतषबाजी, वेल्डिंग चालल्यासारखी. इंजिन बंद करून पॉइंट उघडून बघितले तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला बारीक टेकाड, वर काळी काजळी. नवीन कंडेन्सर घातला, पॉइंट घासपेपरने सपाट केले, परत बघितलं तर क्वचित कुठे बारीकशी चमक, बाकी काही नाही. ती गाडी आता रोज ठाण्याला जाते येते.

आणि अँपिअर मीटर, तो करंट दाखवणारा काटा, विसरू नकोस. काका आपल्याला किक शिकवताना काय ओरडायचे, आधी काटा बघा मग पाय उचला! तोच काटा इथे उपयोगी येतो. लाईट बंद, इग्निशन चालू, किक हळूहळू दाबत इंजिन फिरव. पॉइंट मिटले की काटा मायनसला झुकतो, उघडले की मध्ये येतो. हललाच नाही तर पॉइंट घाण आहेत किंवा वायर तुटलीय, आणि मायनसलाच चिकटून बसला तर पॉइंट उघडतच नाहीयेत किंवा कंडेन्सर पूर्ण शॉर्ट झालाय. एक रुपया खर्च न होता एवढं कळतं.

ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या बाजारात जाशील तेव्हा पॉइंट सेट आणि कंडेन्सर दोन्ही घे, कंडेन्सर दोन घे, एक टूलबॉक्समध्ये राहू दे, कारण नवीन पण खराब निघतात. पॉइंटची गॅप पूर्ण उघडलेले असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. कंडेन्सर डबीत न घालता बाहेर टाकीखाली गार जागेत बसव, वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला आणि त्याचं अंग अर्थला, आणि जुना काढून टाक, नाहीतर तो तिथेच बसून करंट खात राहील. गॅप बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पण सरकतं, ते आपण मिळून बघू.

एक अजून. काका गेल्यावर गाडी अख्खा पावसाळा बिल्डिंगखाली उभी होती. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नकोस. उभ्या टाकीत ते पाणी तळाला बसतं, गंज धरतो, तो गंज जेटमध्ये येतो. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एक किलोला नऊ किलो, आणि साध्या पेट्रोलला साधारण १४.७, म्हणजे जुन्या सेटिंगवर मिक्श्चर पातळ पडतं आणि इंजिन अजून तापतं. म्हणून काढलेल्या प्लगचा रंग बघ. फिकट तपकिरी असेल तर छान, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर मला सांग, मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघू. टाकी एकदा पूर्ण रिकामी करून धू, पेट्रोलचा पाईप नवा घाल आणि मध्ये छोटा फिल्टर टाक. हे सगळं कंडेन्सरच्या आधी नको पण. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरी झाली ते कधीच कळणार नाही, मला गॅरेजवाल्यांचा राग याच गोष्टीचा येतो, पाच पार्ट बदलतात आणि पाचांचं बिल लावतात.

ही गाडी मला पण तितकीच प्रिय आहे रे, तू विकायचं म्हणालास तेव्हा काळजात चर्र झालं. आपण दोघं पहिल्यांदा हायवेला गेलो ते हिच्यावर. ती धडधाकट आहे, मला खात्री आहे.

तर या आठवड्यात बंद पडली की मला एवढंच कळव, झाकण उघडल्यावर चालू झाली का, प्लग ओला की कोरडा, ठिणगी कशी, काटा कुठे. पुढच्या रविवारी सकाळी लवकर इकडे ये, हायवे रिकामा असतो तेव्हाच निघ. काकांचा फिलर गेज, गॅप मोजायच्या पात्यांचा, असेल तर घेऊन ये, माझ्या गेजची बारीक पाती वाकलीयेत. काकूंना नमस्कार सांग, आणि जेवायला थांबायचंय हे त्यांना आधीच सांगून ठेव.

तुझा,
दिग्या