आधी पट्टी चिकटवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

बाबांच्या संगणकाचा फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त केलात म्हणून फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही "अहो, हेड पुसायला असा किती वेळ लागतो" म्हणून विषयच संपवलात. (हेड म्हणजे ड्राइव्हमधला, फ्लॉपीवरचं वाचणारा भाग.) म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्हाला संकोच वाटेल. वाटू दे.

बाबांचा तो जुना एक्सटी संगणक, त्याचा सव्वापाच इंची ३६० केबीचा ड्राइव्ह आणि डबाभर फ्लॉपी. बाबांनी वर्डस्टार या लिखाणाच्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेल्या नोंदी त्यांतच आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि ड्राइव्ह असा बिघडलेला की एकदा नीट उघडलेली फ्लॉपी पुन्हा घातली की वाचायची नाही.

तुमच्याआधी ज्यांना दाखवलं, त्यांतल्या एकाने झाकणही न उघडता मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. दुसऱ्याने "हा म्युझियमला द्या" म्हटलं आणि स्वतःच हसला. तिसरे गृहस्थ मात्र मेहनती निघाले, आणि तेच महागात पडलं. "चेक करून बघू" म्हणत ते डब्यातली एकेक फ्लॉपी आत सारत गेले. ही वाचत नाही? मग ती घाला. शेवटी निदान काय, तर "फ्लॉपीच जुन्या झाल्यात". जुन्या होत्याच हो, पण त्यांच्या हातात जाईपर्यंत त्यांतल्या बऱ्याच वाचता येत होत्या! एक फाइल उघडली, तर तिच्यातल्या शब्दांची शेवटची अक्षरं विचित्र दिसतात म्हणून तीही करप्ट ठरवली. जुनं वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या संकेतातला आठवा बिट (एक-शून्यातला आठवा आकडा) चढवून ठेवतं, म्हणून ते अक्षर वेगळं दिसतं, पण फाइल धडधाकट आहे, हे तुमच्याकडून कळलं.

तुम्ही आलात आणि ड्राइव्हकडे बघितलंही नाहीत. आधी विचारलंत, "यांत काय आहे? दुसरी प्रत आहे का?" मी नाही म्हटल्यावर पिशवीतून काळी टेप काढलीत, पट्ट्या कापल्यात आणि प्रत्येक फ्लॉपीच्या कडेची खाच बुजवत बसलात, कारण ती बुजली की ड्राइव्ह फ्लॉपीवर काही लिहीत नाही. मी घरातली पारदर्शक टेप पुढे केली, तर म्हणालात, "काही ड्राइव्ह खाच उजेडाने ओळखतात, हिच्यातून उजेड आरपार जाईल." पट्टीने लिहिणं थांबतं, ओरखडा थांबत नाही, म्हणून मग डबा बंद करून लांब ठेवलात. ड्राइव्हमध्ये पहिली गेली ती तुमची स्वतःची कोरी फ्लॉपी.

मला विचाराल तर दुरुस्ती तिथेच झाली. आपल्या हातून समोरच्याचं आणखी काही जाऊ नये, एवढी काळजी आधी घेणारी माणसं फार थोडी. हुशारी बऱ्याच जणांकडे असते, कधीकधी ती दाखवायची घाईही असते. ही काळजी शिकवून येते की मुळातच असते, कोण जाणे. डॉक्टर असो, गवंडी असो, हात लावण्याआधी "हे कोणाचं आहे" असं विचारणारा माणूस भेटला की मला आता तुमची आठवण येईल.

बाकीचं थोडक्यात. तुमची फ्लॉपी बाहेर काढून ती हाताने फिरवत तिच्या आवरणाच्या खिडकीतून मला चकचकीत गोल ओरखडा दाखवलात. हार्ड डिस्कचा हेड तबकडीवर तरंगतो, फ्लॉपीचा मात्र टेकूनच चालतो. त्याच्यावर फ्लॉपीवरून सुटलेल्या ऑक्साइडचा, म्हणजे तिच्या चुंबकीय लेपाचा, थर बसला होता आणि तो सँडपेपरसारखा पुढची प्रत्येक फ्लॉपी खरवडत होता. मूळ होतं डब्यातल्या एका बुरशी लागलेल्या फ्लॉपीत. ज्यांचा सगळ्यात बाहेरचा, शून्याचा ट्रॅक खरवडला, त्यांची फाइलींची यादी गेली आणि एफएटीच्या, म्हणजे कुठली फाइल फ्लॉपीवर कुठे आहे त्या नकाशाच्या, दोन्ही प्रतीही गेल्या, कारण दोन्ही तिथेच शेजारीशेजारी असतात. म्हणजे त्या मेहनती गृहस्थांची प्रत्येक "चेक" नेमकी काय करत होती, ते मला तेव्हा समजलं. राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

सगळ्या फ्लॉपी वाचल्या नाहीत. तुम्ही ते गोड बोलून लपवलं नाहीत, उगाच आशाही लावली नाहीत. पैशांचं विचारलं तर "अल्कोहोल आणि कापसाचे किती घेऊ?" म्हणालात. तेव्हा वाद घातला नाही, पण हिशेब मिटलाय असं समजू नका.

आणि एक विनंती. वाचलेल्या नोंदींची एक प्रत तुमच्याकडेही राहू द्या. त्या घरगुती आहेत, खासगी आहेत, म्हणूनच म्हणतोय.

तुमचा ऋणी