मुठीत मावेल तेवढं

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. छोटा चालायला लागला, दार उघडं दिसलं की धूम ठोकतो, हे वाचून फार बरं वाटलं. शेवटी तू विचारलं आहेस, की हा पठ्ठ्या दर वेळी मुठीत काहीतरी घेऊन परततो, फेकलं की भोकाड पसरतो, तर करावं काय? या एका प्रश्नावर मी पत्रभर लिहिणार आहे. आमच्या चिमीच्या खजिन्याबद्दल कुणाला तरी सांगावं असं कधीपासून मनात आहे.

आज संध्याकाळी आलेला माल असा: एक चपटा खडा, पेनाचं टोपण, किडीने जाळी केलेलं पान, चार भोकांचं बटण आणि कशातून तरी निखळलेला गंजका वायसर. वायसर बघून मी हात पुढे केला, तर तिने तो एका डोळ्याला लावून भोकातून माझ्याकडे बघितलं. मग दुसऱ्या डोळ्याला लावून बघितलं. मग तो माझ्या डोळ्यासमोर धरला आणि मला काय दिसतंय ते कळावं म्हणून अगदी नाकाला नाक लावून थांबली. मला तिची एक पापणी तेवढी दिसत होती. तसं सांगितलं, तर तिने समाधानाने मान हलवली.

तिच्या निवडीला नियम आहे, हे मला हळूहळू कळलं. आपण ज्याला सुंदर म्हणू त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. वस्तू मुठीत मावली पाहिजे, दाबली तर चुरगळता कामा नये, आणि बोट फिरवायला भोक, खाच किंवा कडा असली तर उत्तमच. (पान या नियमात बसत नाही, पण त्याला भोकं होती.) दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 86 सेंटिमीटर. जमीन त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जवळ असते आणि वाकण्याचे कष्ट नसतात. नुसतं उकिडवं बसलं की झालं. त्यात छोट्याचं तर सगळंच नवं आहे. अंगठा आणि तर्जनीची चिमूट मुलांना नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास जमायला लागते, त्याआधी सगळा पंजा घालून ओढायचं. म्हणजे आधी चिमूट आली, आता पाय आले. एवढं हातात आल्यावर तो गप्प कसा बसेल?

पण मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याचं आणून देणं. वर्षाच्या अलीकडे-पलीकडे मुलं वस्तू उचलून दाखवायला, हातात द्यायला लागतात, आणि पाठोपाठ बोट दाखवायला. नीट बघ: तो आधी खड्याकडे बघेल, मग तुझ्याकडे, मग पुन्हा खड्याकडे. शब्द अजून दोन-चारच आहेत, पण ‘हे बघ’ एवढं तो पुरतं सांगतो आहे. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे बघण्यावर पुढचं सगळं बोलणं उभं राहतं. तो बघत असलेल्या वस्तूचं नाव तू तेव्हाच घेतलंस, तर ते लवकर रुजतं. म्हणून त्याने हात पुढे केला की हातातलं काम ठेव आणि तळवा पसर. चिमी वस्तू ठेवते आणि माझी बोटं एकेक करून मिटवते. खडा तिच्या मुठीत राहून ऊन झालेला असतो.

मध्यंतरी तिने गोगलगायीचा रिकामा शंख आणला. टोक वर धरलं तर बहुतेक जातींत तोंड उजव्या हाताला येतं, तसंच याचंही होतं. शंख वाढतो तो तोंडाच्या कडेने. टोकावरचा इवलासा वेढा गोगलगाय अंड्यात असतानाच तयार झालेला असतो. म्हणजे ती आपलं बाळपण जन्मभर पाठीवर वागवते. मला हे चिमीमुळे बघायला मिळालं, नाहीतर मी तो शंख ओलांडून गेलो असतो. मुलं विचार कसा करतात याचा ध्यास घेतलेला तो स्वित्झर्लंडचा जाँ पियाजे, त्याची सुरुवातही अशाच गोळा करण्यातून झाली होती. 1918 मध्ये डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायीसारख्या मृदुकाय प्राण्यांवर, आणि पुढे स्वतःच्या तीन मुलांकडे त्याच बारकाईने बघत बसला.

आता भीतीची गोष्ट, ती मनावर घे. छोट्याच्या वयात सगळं आधी तोंडात जातं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना सुमारे 32 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात मावेल ते घशात अडकू शकतं असं धरतात. चिमीचा जवळजवळ सगळा खजिना त्यात मावेल, म्हणून तो आमच्या देखरेखीखालीच बाहेर निघतो. बटणाच्या आकाराचा सेल मात्र घरात कुठेही सुटा दिसता कामा नये. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. छोट्या लोहचुंबकांचंही तसंच. दोन पोटात गेले तर आतड्याला मधे धरून एकमेकांना चिकटतात. असं काही हातात दिसलं तर लगेच काढून घे, रडू दे. बाकीचं धुऊन परत दे.

आणि त्याच्यासमोर काहीही फेकू नकोस. झाकणाचा एक डबा दे, तो तुझ्याजवळ ठेव आणि त्याने मागितला की शेजारी बसून उघड. गर्दी झाली की त्यालाच विचार कुठलं ठेवायचं. चिमी हे फार गंभीरपणे करते. मला वाटलं होतं बटण राहील, पण तिने बटण बाहेर काढलं आणि तुटकी काडी ठेवली. काडीत काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण ती रोज काढून बघते, म्हणजे असणारच.

छोट्याचा डबा सुरू झाला की त्यात पहिलं काय पडलं ते लगेच कळव. वहिनींना नमस्कार, छोट्याला खूप खूप पापे.

तुझा,
मोहन