‘इंडिया’ आद्याक्षरांतून आला नाही

संपादक महोदय,

ऑगस्ट उजाडला की ‘इंडिया’ म्हणजे ‘इंडिपेन्डन्ट नेशन डिक्लेअर्ड इन ऑगस्ट’ हा संदेश फिरू लागतो आणि मुलांच्या भाषणांतही शिरतो. तो साफ खोटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीची सनदच १६०० सालची. नाव त्याहून दोन हजार वर्षांनी जुने.

मूळ शब्द ‘सिंधु’. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी जुन्या इराणीत ‘ह’ येतो: सोम-हओम, असुर-अहुर, सप्त-हप्त. आपला ‘हप्ता’ही फारसीतून आलेला. इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथे इराणी सम्राट दारियस पहिल्याच्या शिलालेखात प्रांतांच्या यादीत हे नाव आहे. तिथली अक्षरे ‘हिदुश’ अशी वाचली जातात, कारण त्या कीलाक्षर (खिळ्यांसारख्या खुणांच्या) लिपीत व्यंजनापूर्वीचा अनुस्वार लिहीत नसत. त्याच लेखाच्या एलामी (इराणमधील दुसरी प्राचीन भाषा) मजकुरात तो स्पष्ट दिसतो. इराणी अंमलाखालच्या आयोनियन ग्रीकांच्या बोलीत शब्दारंभीचा ‘ह’ गळाला होता. म्हणून नदी ‘इंडोस’ झाली, आणि पुढे लॅटिनमधून ‘इंडिया’ युरोपभर गेले.

अशी चूक विद्वानांचीही होते. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या चिनी प्रवासी युआन श्वांगने (ह्यूएन त्संग) या देशाच्या नावाचा ‘इंदू’ म्हणजे चंद्र असा अर्थ लावला: बुद्धरूपी सूर्य मावळल्यावर इथले संत चंद्रासारखी वाट दाखवतात, म्हणून हे नाव. कल्पना सुंदर आहे, पण इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात चिनी लोकांना हा देश ‘शेन-दू’ म्हणून माहीत होता. तो ‘श’ चंद्राच्या ‘इंदू’तून निघत नाही, ‘सिंधु’तून सहज निघतो. व्युत्पत्ती तपासायची ती अशी: सर्वांत जुनी नोंद कोणती, आणि ध्वनिबदलाचा तोच नियम इतर शब्दांत दिसतो का?

आद्याक्षरांचे नाव शेजारच्या पाकिस्तानचे मात्र खरोखर आहे. चौधरी रहमत अली यांच्या २८ जानेवारी १९३३ च्या पत्रकात पंजाब, अफगाण (म्हणजे वायव्य सरहद्द) प्रांत, काश्मीर, सिंध यांची आद्याक्षरे आणि बलुचिस्तानचा शेवट जोडून ‘पाकस्तान’ केलेले आहे. ‘पाकिस्तान’मधली ‘इ’ नंतर आली. तिथे कर्ता, तारीख, कागद सगळे हाती आहे. ‘इंडिया’च्या संदेशामागे यातले काहीच नाही. शिक्षकांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी तो भाषणांतून खोडायला लावावा, ही कळकळीची विनंती.

– भाषेच्या इतिहासाचा एक अभ्यासक, पुणे