लाडू पोचले, कात्रणही

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

डिंकाचे लाडू पोचले. डब्याच्या तळाशी घडी घातलेलं कात्रणही सापडलं, 'नव्या बाबांसाठी दहा गोष्टी'. लाल पेनाच्या खुणा तुमच्याच, बाबा. दहापैकी सात ठिकाणी 'आईला मदत करा'. मदत पाहुण्याने करायची असते हो! शेजारच्या चौकटीत आईसाठी ताप, लस, झोप. माझ्या वाट्याला बाळाला उंच झेलणं आणि बायकोला फुलं.

आता सांगूनच टाकतो. एक तारखेपासून मी सहा महिने बिनपगारी रजेवर आहे. अर्ज मंजूर झालाय. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मला तुमचा शब्द मोडवला नसता. अनघाच्या बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे संपतायत. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने तिला तेवढे मिळाले, बापाला त्या कायद्यात एक दिवसही नाही. आपले जावई केंद्राच्या नोकरीत, त्यांना १५ दिवस तरी मिळाले. आमच्या कंपनीचे पाच दवाखान्यातच संपले. पैशाची काळजी नको. गाडीचा हप्ता मार्चमध्येच फिटला, तुमच्या औषधांचे पैसे पाच तारखेला येतीलच. आणि अनघाने मला घरी बसवलेलं नाही, मीच म्हणालो. मामीला हे आधीच सांगून ठेवा.

आई, तू येते म्हणालीस. ये, पण ओवीला मांडीवर घ्यायला. तीन जिने रोज चढायला नाही. उन्हाची खुर्ची गॅलरीत लावून ठेवलीय.

बाबा, राग मानू नका. छोटीच्या वेळी आई मिरजेला होती, तेव्हा तुम्ही रात्री अकरानंतर मागच्या नळावर दुपटी धुवायचात, शेजारच्या काकूंना दिसू नये म्हणून दिवा न लावता. टॉर्च मी धरायचो. 'उजेड खाली धर रे.' मी भर दुपारी गॅलरीत वाळत घालतो, एवढाच फरक.

बीपीची गोळी सकाळीच घ्या, आठवेल तेव्हा नाही. माळ्यावर चढायचं नाही, स्टुलावरही नाही. आई, तूच लक्ष ठेव, आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात नको, पायात हवा.

डबा परत पाठवतोय, रिकामा नको म्हणून साखर घातलीय. छोटीला हातावर पालथी घेऊन तुम्ही काहीतरी गुणगुणायचात, बाबा. चाल आठवते, शब्द नाही. पुढच्या डब्यात कात्रणाऐवजी ते लिहून पाठवा.

तुमचा,
राजू