ज्यूरीचा कौल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, "खऱ्या कोर्टात नाटक? म्हणजे नेपथ्याचा खर्च वाचला की!" एवढं तुम्ही म्हणालात आणि फोन कट झाला. म्हणून आता सविस्तर लिहिते.

इथे अलाबामात, बर्मिंगहॅमपासून दक्षिणेला तीनेक तासांवर मन्रोव्हिल नावाचं छोटं गाव आहे. लेखिका हार्पर ली इथली. तिचे वडील इथेच वकिली करायचे. तिचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड' हे पुस्तक 1960 साली आलं, आई, तू वाचलं आहेस. बाबांसाठी थोडक्यात: 1930 च्या दशकातलं अलाबामा, टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप, आणि त्याचं वकीलपत्र घेणारा ॲटिकस फिंच. या कथेचं नाटक गावातलीच हौशी मंडळी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून दर वसंतात करतात. मानधन कुणालाच नाही, आपल्या गणपतीतल्या नाटकासारखंच सगळं.

पहिला अंक कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर होतो. लहान लहान घरं तिथे उभी केलेली आहेत. मध्यंतरात ज्यूरी निवडतात, तीही प्रेक्षकांतूनच! बारा जण, सगळे गोरे पुरुष, कारण त्या काळी तसंच होतं. बायकांना तर अलाबामात 1966 पर्यंत ज्यूरीत घेतच नसत. मंदार मध्यंतरभर उगाच ताठ बसून होता, त्याला अर्थातच कुणी बोलावलं नाही. मग सगळे आत जातात, 1903 सालच्या त्या जुन्या कोर्टात. लाकडी बाकं, वर कमानदार बाल्कनी. या पुस्तकावरच्या ग्रेगरी पेकच्या सिनेमासाठी हॉलिवूडमध्ये याच खोलीची प्रतिकृती बांधली होती. आता तिथे संग्रहालय आहे.

बाबा, उलटतपासणी तुम्हाला फार आवडली असती. मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, म्हणजे मारणारा डावखुरा असण्याचा संभव. ॲटिकस तिच्या बापाला कागदावर सही करायला लावतो आणि तो डाव्या हाताने करतो. टॉमचा डावा हात तर लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. तुमच्या साहेबांनी खटला तिथेच संपवला असता.

पण मी बघत होते टॉम झालेल्या गृहस्थाकडे. त्याची जबानी सुरू होईपर्यंत त्याला नुसतं बसून राहायचं असतं. वाक्य नाही की हालचाल नाही. स्टेजवर गप्प बसणं सगळ्यात अवघड असं तुम्ही तालमीत सगळ्यांना बजावायचात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मुलीचा बाप झालेला माणूस त्याला उद्देशून काळ्यांसाठीचा तो घाणेरडा शब्द मोठ्यांदा उच्चारतो, आणि हे दोघं सोमवारी वाण्याच्या दुकानात एकमेकांना भेटणार! आई, तुझी तक्रार होती की पुस्तकात टॉमच्या वाट्याला फारसं काही येत नाही, सगळं श्रेय वकिलाला. खरं आहे ते. पण तो माणूस तिथे हाडामांसाचा बसलेला असला की नजर वकिलावर ठरत नाही, निदान माझी तरी ठरली नाही.

ज्यूरी बाहेर जाते, परत येते, दोषी ठरवते. त्या बारांना मत कुणी विचारत नाही, निकाल आधीच लिहिलेला असतो. मागच्या ओळीतला एक आजोबा जागेवर परतल्यावर बायकोला म्हणाला, "मी नाही म्हणालो असतो." सगळेच तसं म्हणत असणार.

त्याच गावच्या वॉल्टर मॅकमिलियनची गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. 1986 मध्ये मन्रोव्हिलमधल्या एका दुकानात काम करणाऱ्या गोऱ्या मुलीचा खून झाला, आणि पुढच्या वर्षी या काळ्या माणसाला पकडलं. खुनाच्या वेळी तो घरी होता, मासे तळून विकण्याचा कार्यक्रम चालू होता आणि तो घरी असल्याचं सांगणारे कितीतरी लोक होते. ते बहुतेक काळे, म्हणून कुणी ऐकलं नाही. खटला सुरू होण्याआधीच त्याला फाशीच्या कैद्यांत ठेवलं होतं. 1988 मध्ये ज्यूरीने दोषी ठरवून जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने प्रकरण हातात घेतलं, मुख्य साक्षीदाराने आपण खोटं बोललो असं कबूल केलं, आणि मार्च 1993 मध्ये तो सुटला. म्हणजे गावात या नाटकाचे पहिले प्रयोग होत होते, लोक टॉमसाठी डोळे पुसत होते, तेव्हा हा माणूस फाशीच्या कोठडीत होता. मला नाटक आवडलं, खूपच आवडलं, आणि तरी गाडीत परतताना गावाच्या अभिमानाचा राग येत राहिला. मंदार म्हणाला, नाटक केलं नसतं तर काय फरक पडला असता? उत्तर मला सुचलं नाही.

बाबा, नौदल अधिकारी नानावटींच्या खून खटल्याची गोष्ट तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलीत. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, म्हणून खरा न्याय झाला, असं तुमचं म्हणणं. मॅकमिलियनच्या खटल्यात न्यायाधीशाने ज्यूरी डावलली ती उलट्या दिशेने. न्यायाधीशाला असं ज्यूरी डावलून मृत्युदंड देऊ देणारी तरतूद अलाबामाने 2017 मध्ये काढून टाकली. तुम्ही आयुष्यभर कोर्टात काढलंत, तर तुमचं मत कुणाच्या बाजूने, ज्यूरीच्या की न्यायाधीशाच्या? सावकाश लिहा, फोनवर नको.

आई, तुम्ही वसंतात आलात तर आपण सगळे जाऊ. बाल्कनीचा जिना तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, खालची तिकिटं काढीन.

तुमची,
अनू