सांकारांनी बडतर्फ केलेले शिक्षक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे क्रांतिकारी अध्यक्ष थॉमस सांकारा यांच्यावर पानभर लेख आला. मराठीत या माणसाबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून तो दोनदा वाचला आणि कात्रण कापून ठेवलं. लेखातलं कौतुक मला मान्यच आहे. पण मार्च १९८४ मधल्या शिक्षकांच्या संपाबद्दल त्यात एक ओळही नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला हे खटकल्याशिवाय कसं राहील?

सांकारा ४ ऑगस्ट १९८३ रोजी सत्तेवर आले, तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षांचे होते. वर्षही पुरं व्हायच्या आत शिक्षक संघटनेचे पुढारी अटकेत गेले आणि निषेध म्हणून शिक्षकांनी संप केला. सरकारने त्याला क्रांतीविरुद्धचा कट ठरवलं आणि हजाराहून जास्त शिक्षक बडतर्फ करून टाकले. बहुसंख्य जनता निरक्षर असलेल्या देशात, मुळात हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच शिकलेले लोक असताना, ही माणसं घरी बसवली गेली. त्यांच्या जागी घाईघाईने थोडंफार प्रशिक्षण देऊन तरुण मुलं वर्गावर पाठवली. ती मुलं मनापासून राबली असतील, पण पहिलीचा वर्ग नुसत्या उत्साहावर चालत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या शाळेत कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, लेकरं यायची. घरी कोलामी, शाळेत मराठी. सुरुवातीचे कित्येक महिने बाई काय म्हणतात तेच त्यांना कळायचं नाही. 'पाणी' शिकवायचं तर हात धरून माठापाशी न्यायचं, पेला भरायचा, प्यायला लावायचं आणि मग पाटीवर 'पा' काढायचा. एखादं पोर दोन महिने तोंडच उघडायचं नाही आणि एक दिवस अचानक मागच्या ओळीतून बोलायचं. त्याला किती वेळ द्यायचा, कधी टोकायचं आणि कधी गप्प बसायचं, हे कुठल्याही शिबिरात शिकवता येत नाही. बुर्किनातलं पोर घरी मूरे किंवा जुला बोलतं आणि शाळेत त्याच्यापुढे फ्रेंच येते. अशा वर्गातून मुरलेली बाई किंवा मास्तर काढून घेतला, तर त्या वर्षीच्या मुलांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

संपाचं म्हणाल तर, १९७७-७८ साली महाराष्ट्रात चोपन्न दिवसांचा संप झाला तेव्हा मी नोकरीत अगदी नवी होते. किराणा उधारीवर आणि रोज रात्री घरात एकच बोलणं : नोकरी राहील ना? त्या भीतीची चव मी घेतलेली आहे. त्या हजारावर घरांतली भीती खरी ठरली.

सांकारांना लहान करण्यासाठी मी हे लिहीत नाही. १९८४ च्या अखेरीस त्यांच्या सरकारने काही आठवड्यांत वीस लाखांहून जास्त मुलांना गोवर, मेंदूज्वर आणि पीतज्वराची लस दिली. पल्स पोलिओच्या दिवशी सकाळपासून बूथवर बसून, शीतपेटीतला बर्फ सांभाळत, एकेका बाळाच्या करंगळीला शाई लावलेल्या माणसाला विचारा, म्हणजे या कामाचं मोल कळेल. मुलींची सुंता आणि जबरदस्तीची लग्नं यांविरुद्ध त्यांनी उघड मोहीम काढली. २२ सप्टेंबर १९८४ रोजी तर नवऱ्यांनी बाजारात जावं आणि घरचं काम करून बघावं असा दिवसच ठरवून दिला. सरकारी मर्सिडीज मोटारी विकल्या आणि मंत्र्यांना छोट्या रेनॉ मोटारीत बसवलं. देशातल्या कापसाचं हातमागावर विणलेलं कापड सरकारी नोकरांना सक्तीने घालायला लावलं. आमच्या कापसाच्या मुलखात हे वाचताना ऊर भरून येतो. जुलै १९८७ मध्ये आदिस अबाबाला आफ्रिकेच्या नेत्यांसमोर त्यांनी सांगितलं, की हे परदेशी कर्ज आपण सगळ्यांनी मिळून नाकारू या. एवढी हिंमत कोणात होती?

पण जून १९८४ मध्ये कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घालण्यात आल्या, तेही याच राजवटीत. सांकारांच्या सरकारने उभारलेल्या लोकन्यायालयांत आरोपीला वकील मिळत नसे. सरकारने गावोगाव उभारलेल्या क्रांती संरक्षण समित्यांच्या पोरांच्या हाती बंदुका होत्या आणि त्यांची दांडगाई लोक सोसत होते. संघटना एकेक करून दुरावत गेल्या. माझ्या मते त्याची सुरुवात शिक्षकांपासून झाली, कारण गावात सरकारची बाजू समजावून सांगणारा माणूस शिक्षकच असतो. ऑगस्ट १९८७ च्या भाषणात सांकारांनी स्वतःच सांगितलं, की क्रांतीला नमवलेली जनता नको, मनातून पटलेली जनता हवी. म्हणजे त्यांनाही ते उमगलं होतं. पुढे अडीच महिन्यांतच, १५ ऑक्टोबरला, ते आणि त्यांचे बारा सोबती राजधानी वागादुगूत मारले गेले. सांकारांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'नैसर्गिक मृत्यू' असं लिहिलं. त्यांचे जिवलग मित्र ब्लेझ कॉम्पाओरे सत्तेवर बसले आणि सत्तावीस वर्षं राहिले. या खुनाच्या खटल्याचा निकाल लागला एप्रिल २०२२ मध्ये : कॉम्पाओरे यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप.

कॉम्पाओरे यांच्या राजवटीचं समर्थन मी मुळीच करत नाही. पण सांकारांच्या खुनाबद्दल चीड येते, म्हणून त्यांनी केलेला अन्याय गाळून टाकायचा, हे मला पटत नाही. आज आपल्याकडची कॉलेजातली पोरं त्यांचं चित्र छापलेले टी-शर्ट घालतात. त्यांना लसीकरण जसं माहीत हवं, तसे ते शिक्षकही माहीत हवेत.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात १९८४ च्या संपाला एक परिच्छेद तरी द्यावा, ही लेखकाला आणि आपल्याला विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, यवतमाळ