सामान घेताना काटा, देताना का नाही?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी आणि माझी पत्नी कॅनडातील मिसिसागा येथे राहणाऱ्या मुलीकडून परतलो. टोरंटोहून निघून आखातातील एका शहरात विमान बदलून मुंबईला, असा तो प्रवास होता. विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या आमच्या दोन बॅगांपैकी एकीतून कॅमेरा, मनगटी घड्याळ, परफ्यूमच्या दोन बाटल्या आणि भाच्यासाठी घेतलेले बूट चोरीला गेले. या सगळ्याची किंमत सुमारे १ लाख १० हजार रुपये होते. विमान प्रवासात सामानातून वस्तू जाणे ही काही न ऐकलेली गोष्ट नाही आणि माझे नुकसान वर्तमानपत्रातून भरून निघेल अशीही माझी समजूत नाही. पण कंपनीशी दोन महिने चाललेल्या पत्रव्यवहारात जी उत्तरे मिळाली, त्यांचा संबंध चेक-इन बॅग देणाऱ्या प्रत्येक प्रवाशाशी येतो, म्हणून, आणि बॅग परत देतानाही ती मागणीनुसार तोलून मिळावी या मागणीसाठी, हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

पहिला प्रश्न कोणीही विचारील, आणि माझ्या धाकट्या भावाने तो विचारलाही, की कॅमेरा आणि घड्याळ चेक-इन बॅगेत ठेवलेच कशाला? ठेवले नव्हते. ते माझ्या हातातल्या बॅगेत होते. टोरंटोच्या काउंटरवर ती केबिन बॅग काट्यावर ठेवायला सांगण्यात आली, वजन ९.३ किलो भरले, मर्यादा ७ किलोची, आणि जादा सामान आत्ताच्या आत्ता मोठ्या बॅगेत हलवा, नाहीतर पैसे भरा, असे सांगण्यात आले. मागे पन्नास-साठ माणसांची रांग. मी त्या काउंटरपुढे जमिनीवर गुडघे टेकून दोन्ही बॅगा उघडल्या आणि कॅमेरा, घड्याळाची डबी व एक जाडजूड पुस्तक मोठ्या बॅगेत हलविले. काउंटरवरील कर्मचारी हे सर्व पाहत होती. कॅमेऱ्याची जादा बॅटरी मात्र तिने नियमानुसार हातातच ठेवायला लावली. मोठी बॅग पुन्हा तोलली गेली, २२.६ किलो हा आकडा पावतीवर छापला गेला आणि बॅग पट्ट्यावरून आत गेली. आज माझ्याकडे ती बॅटरी आहे, कॅमेरा नाही.

मुंबईला पहाटे तीनच्या सुमारास बॅगा हाती आल्या, तेव्हा एकीचे कुलूप नाहीसे झालेले होते आणि चेनचे दोन-तीन दात वाकलेले होते. कंपनीच्या काउंटरवर गेलो. ‘सुरक्षा तपासणीत उघडली असेल’ असे सांगण्यात आले. तसे असेल तर उघडल्याची चिठ्ठी आत असते, हे मुलीने सांगितलेले मला ठाऊक होते, म्हणून मी आग्रह धरला आणि प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट नावाची, म्हणजे सामानाबाबतच्या तक्रारीची, नोंद करून घेतली. मात्र त्या नोंदीत ‘कुलूप नाही, चेनला इजा’ एवढेच लिहिले गेले. बॅग तिथेच उघडून पाहायची माझी इच्छा होती. परंतु पत्नी मधुमेही आहे, वीस तासांचा प्रवास झालेला होता आणि बाहेर नाशिकची गाडी थांबलेली होती. ही माझी चूक, आणि ती किती महागात पडणारी होती हे तेव्हा मला कळले नव्हते.

घरी बॅग उघडली तेव्हा चोराची नीटनेटकी कामगिरी दिसली. घड्याळाची डबी बंद करून जागच्या जागी ठेवलेली, आत घड्याळ नाही. बुटांचे खोके तसेच, आत कोंबलेले टॉवेल. पुस्तकाला कोणी हात लावलेला नव्हता. (वाचनाची आवड सर्वत्र कमी झाल्याचे म्हणतात, त्याचा हा एक पुरावा समजावा.) मी चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यांपैकी बरीचशी रोखपालाच्या खिडकीत. त्या सवयीने मी एकही वस्तू बाहेर न काढता बॅग बंद केली, दोन शेजाऱ्यांना सोबत घेतले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील काट्यावर तिचे वजन करून घेतले. ते १९.८ किलो भरले. दुकानदाराने पावतीवर वजन, तारीख, वेळ लिहून शिक्का मारून दिला. २.८ किलो वजन टोरंटो ते मुंबई या वाटेवर कोठेतरी उतरलेले होते.

तिसऱ्या दिवशी मी खरेदीच्या पावत्या, वस्तूंची यादी, दोन्ही वजनांच्या पावत्या व छायाचित्रे जोडून कंपनीकडे ई-मेलने तक्रार केली. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आले. त्यात तीन मुद्दे होते. विमानतळावरील नोंदीत वस्तू गेल्याचा उल्लेख नाही. प्रवासाच्या अटींनुसार इलेक्ट्रॉनिक वस्तू, घड्याळे व मौल्यवान चीजा चेक-इन बॅगेत ठेवल्यास कंपनी जबाबदार नाही. आणि खासगी दुकानातील वजन ग्राह्य धरता येत नाही. शेवटी ‘सदिच्छा म्हणून’ ५००० रुपयांचे प्रवास कूपन देऊन आमच्या तोंडाला पाने पुसण्यात आली.

यांपैकी दुसरा मुद्दा वाचून बहुतेक प्रवासी गप्प बसतात, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात तशी दुरुस्तीही झाली. चेक-इन सामान कंपनीच्या ताब्यात असताना त्याचा नाश, गहाळ होणे किंवा हानी झाल्यास कंपनी जबाबदार आहे, असे कराराचे कलम १७ सांगते. सामानातील अंगभूत दोषामुळे झालेली हानी तेवढी वगळली आहे. वस्तू महाग होती म्हणून जबाबदारी नाही, अशी सवलत त्यात कोठेही नाही. उलट कलम २६ असे सांगते की, कंपनीला या जबाबदारीतून मोकळे करणारी अथवा करारातील मर्यादेहून कमी मर्यादा ठरविणारी कोणतीही अट रद्दबातल समजली जाईल. भरपाईला कमाल मर्यादा आहे. ती २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या या हिशेबी एककाच्या सध्याच्या दराने पावणेदोन लाख रुपयांच्या आगेमागे आहे. याहून अधिक किमतीचे सामान असेल तर बॅग देतानाच तशी घोषणा करून जादा आकार भरण्याची सोय करारात आहे, पण ती मला आजवर कोणत्याही काउंटरवर कोणी सांगितलेली नाही. देशांतर्गत प्रवासात तर ही मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपयांचीच आहे, हे मुंबई–नागपूर करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

पहिला मुद्दा अधिक अवघड आहे आणि त्यात प्रवासी खरोखर अडकतो. हानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते, नाहीतर दावा बुडतो. बॅग आली पण आतल्या काही वस्तू गेल्या, तर ती ‘हानी’ समजायची की ‘गहाळ होणे’? हा वाद जुना आहे. १९७५ मध्ये इटलीहून लुटनला उतरलेल्या एका प्रवाशाने बॅग फाटल्याची नोंद तिथेच केली, पण सदरा, सँडल आणि कार्डिगन गेल्याचे त्याच्या घरी गेल्यावर ध्यानात आले. त्याने ते कळविले तेव्हा सात दिवस उलटून गेले होते. प्रकरण ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेले आणि १९८० मध्ये निकाल लागला की आतील काही वस्तू जाणे हीदेखील हानीच होय, तेव्हा तीही सात दिवसांत कळवायला हवी होती. सोळा-सतरा पौंडांच्या कपड्यांसाठी तो हरला. मी सुदैवाने तिसऱ्या दिवशी लिहिले. पण ही सात दिवसांची मुदत सामानाच्या पट्ट्याजवळ मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेली मला कोठेही दिसली नाही. आमच्या बँकेत रोखपालाच्या खिडकीवर ‘काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी’ अशी पाटी असे. ती ग्राहकाला आवडत नसे, तरी त्याला सावध करीत असे, आणि मोजायला त्याला जागाही देत असे. दिवसअखेर रक्कम कमी भरली तर रोखपालाच्या खिशातून जात असे, हे वेगळेच.

आता काटा. किराणा दुकानातील काटा ‘खासगी’ असला तरी राज्याच्या वैधमापन यंत्रणेने पडताळून मुद्रांकित केलेला आहे; त्या काट्यावर रोज शेकडो माणसे गहू-तांदूळ विश्वासाने घेतात. तरीही कंपनीचा आक्षेप मी निव्वळ कांगावा म्हणून उडवून लावणार नाही. विमानतळ ते दुकान या अंतरात मीच बॅग उघडली नाही कशावरून, असे कंपनी विचारू शकते, आणि तिच्या जागी मीही विचारले असते. म्हणूनच तर बॅग प्रवाशाच्या हाती येते त्याच जागी काटा हवा. बॅग घेताना कंपनी दशांश चिन्हापुढच्या आकड्यापर्यंत वजन मोजते, जादा वजनाचे पैसे वसूल करते आणि ते पावतीवर छापते. तीच बॅग परत देताना मात्र कोणतेही माप नाही. सीमाशुल्क विभागाच्या दारातून बाहेर पडले की प्रवाशाला आत परत जाता येत नाही, आणि आत एकही काटा नसतो. आपल्याकडे याला मापात पाप म्हणतात.

गमतीची गोष्ट अशी की, मॉन्ट्रियलच्या आधीच्या, १९२९ च्या वॉर्सा करारात भरपाईच मुळी किलोवर ठरत असे, एका किलोला २५० सुवर्ण फ्रँक. तेव्हा वजन हा दाव्याचा पाया होता. मॉन्ट्रियल कराराने प्रवाशागणिक रक्कम ठरविली, ते प्रवाशाच्या फायद्याचेच झाले, पण वजनाला साक्षीदार म्हणून असलेली किंमत त्याबरोबर गेली.

वजन करणे अव्यवहार्य आहे, असे सांगितले जाईल. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार सदस्य कंपन्यांना जून २०१८ पासून प्रत्येक बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवावी लागते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढविताना, विमान बदलताना आणि प्रवाशाला परत देताना. आपल्या नागरी विमान सुरक्षा विभागाने २०२४ मध्ये विमान कंपन्यांना शेवटची बॅग तीस मिनिटांत पट्ट्यावर आणण्याचे आदेश दिले आणि ती मिनिटे मोजण्याची व्यवस्थाही झाली. बॅग केव्हा आली हे मोजता येते, कोठून कोठे गेली हे मोजता येते, तर ज्याला शंका आहे अशा प्रवाशाची बॅग मागणीनुसार तोलून देणे अवघड का असावे? सगळ्यांच्या बॅगा तोलाव्यात असे मी म्हणत नाही. पट्ट्याजवळ एक काटा आणि त्याला जोडलेले छपाई यंत्र एवढ्याने भागेल. निघतानाचे आणि पोहोचल्यावरचे वजन कागदावर आमनेसामने आले की निम्मे वाद तिथेच मिटतील, खोटे दावे करणाऱ्या प्रवाशांचेसुद्धा.

याचा उपयोग सामान हाताळणाऱ्या कामगारांनाही होईल. लोडरना चोरीच्या आरोपावरून अटक झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि मग कंत्राटी पगारावर रात्रपाळी करणारा, वाकून वाकून पाठ मोडणारा प्रत्येक जण संशयित ठरतो. विमान बदलण्याच्या ठिकाणी एक जादा वजन झाले असते तर माझे २.८ किलो टोरंटो–आखात की आखात–मुंबई यांपैकी कोणत्या टप्प्यात गेले हे कळले असते आणि उरलेल्यांवरचा संशय दूर झाला असता. पोलिस ठाण्यात मला पहिला प्रश्न हाच विचारण्यात आला की गुन्हा घडला कोठे, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारी एकमेव संस्था ‘नोंद उपलब्ध नाही’ म्हणून कानावर हात ठेवून बसली आहे.

आणखी एक मागणी केबिन बॅगेविषयी. कंपनीचा कर्मचारी स्वतः वजनाच्या कारणाने वस्तू मोठ्या बॅगेत हलवायला लावतो, तेव्हा त्या हलविल्याची नोंद बॅगेच्या पावतीवर झाली पाहिजे. काउंटरवर ‘खाली ठेवा’ म्हणायचे आणि नंतर ‘खाली ठेवायला नको होते’ म्हणायचे, हे दोन्ही एकाच कंपनीने म्हणू नये.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, सेवेपोटी आपण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी तो मार्ग धरला असून किराणा दुकानाची ती पावती मूळ स्वरूपात तक्रारीला जोडली आहे. कंपनीच्या ५००० रुपयांच्या कुपनाची मुदत पुढील महिन्यात संपते. ते मी वापरणार नाही; ते स्वीकारल्यास ‘प्रकरण अंतिमतः निकाली निघाले असे समजण्यात येईल’ असे त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक